वऱ्हाडाची बस ठरवताना

पहिल्यांदाच बस ठरवतोयस, म्हणून सांगतो. दर विचारायच्या आधी गाडी बघून ये. नंबर प्लेट पिवळी, काळ्या अक्षरांची हवी. पांढऱ्या पाटीची ओळखीतली गाडी स्वस्तात मिळते, पण तिला भाड्याचं परमिट नसतं. काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

आपल्याकडे बेळगावात खरा घोळ राज्याच्या हद्दीचा. कोगनोळीचा टोलनाका मागे पडला की महाराष्ट्र, चोर्ला घाट उतरला की गोवा. तेव्हा केए-२२ ची, म्हणजे बेळगावच्याच नंबरची गाडी असली तरी ऑल इंडिया टुरिस्ट परमिट, म्हणजे दुसऱ्या राज्यांतही भाड्याने माणसं न्यायचा परवाना, आहे का विचार, कागद हातात घेऊन तारीख वाच. पुतण्याच्या लग्नात मी नुसत्या 'आहे की सगळं' या शब्दावर राहिलो. कागलच्या अलीकडे गाडी अडवली. करवल्या नऊवारी सावरत उसाच्या बांधावर बसून, अक्षतांचं ताट मांडीवर, आणि मुहूर्त टळत चाललेला. अजून जीव कासावीस होतो.

किलोमीटरचा हिशेब बहुधा गाडी त्यांच्या गॅरेजातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत धरतात. टोल, ड्रायव्हरचा भत्ता, मुक्काम कोणाकडे, लिहून घे.

गल्लीत लोंबणाऱ्या विजेच्या तारा आधी बघ. ५० सीटची बस आत येत नसेल तर दोन टेम्पो ट्रॅव्हलर बऱ्या. गाडीत लाइट, गाणी असू देत, पण घाटात कुणाला उभं राहून नाचू देऊ नकोस. आणि ड्रायव्हरला पहिल्या पंगतीला बसव, झोपायला शांत खोली दे. रात्री परत त्यालाच गाडी चालवायची आहे.