पावसाळ्यात रोड बाईकच्या टायरमध्ये हवा किती भरायची?

प्रश्न : माझं वजन 72 किलो, रोड बाईकला 25 एमएमचे ट्यूबवाले टायर आहेत. रविवारी पुण्याहून ताम्हिणीकडे जातो. टायरवर मॅक्स 120 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय म्हणून 110 भरतो, पण पाऊस सुरू झाल्यापासून वळणावर मागचं चाक सटकतंय. ग्रुपमध्ये एक जण म्हणतो हवा उतरव, दुसरा म्हणतो पंक्चर होत बसशील. ऐकू कोणाचं? (वाचक, पुणे)

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं ऐका. आधी ते 120 डोक्यातून काढा, कंपनी तो आकडा याच्या वर जाऊ नका म्हणून छापते, एवढी भराच म्हणून नाही. तुमच्या वजनाला कोरड्या रस्त्यालासुद्धा मागे 85-90 आणि पुढे त्याहून पाचेक कमी एवढी हवा पुरते. 110 ला टायर इतका टणक होतो की रस्त्याचे बारीक उंचवटे दाबून घ्यायचं सोडून त्यांच्यावरून उडत जातो, आणि चाक रस्त्याला टेकलंच नाही तर ग्रिप कुठून येणार, कोरड्यात हे खपून जातं, ओल्यात नाही. म्हणून पावसात मागे 80, पुढे 75 ने सुरुवात करा, एखादी राईड झाली की दोन-दोनने कमी-जास्त करून बघा. पण एकदम 60 वर जाऊ नका, कारण घाटात खड्डा पाण्याखाली लपलेला असतो, त्यात टायर रिमपर्यंत दबला की ट्यूबला साप चावल्यासारखी शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. रिम ठक्क वाजली की समजायचं हवा कमी पडली.

अंगठ्याने दाबून अंदाज घेत असाल तर ते बंद करा, 80 आणि 100 मधला फरक अंगठ्याला कळत नाही, गेजवाला, म्हणजे दाबाचा आकडा दाखवणारा, फ्लोअर पंप घ्याच. आणि झाडीतल्या वळणावरचं हिरवट शेवाळ किंवा रस्त्यावरचे पांढरे पट्टे, तिथे 80 काय नि 70 काय, ब्रेक वळणाच्या आधी मारायचा आणि सायकल शक्यतो उभी ठेवायची.

प्रश्न : डिसेंबरमध्ये महाबळेश्वरला सायकल घेऊन जाणार आहोत. थंडीसाठी पण हवा कमी करायची का? (वाचक, ठाणे)

उत्तर : थंडी ती स्वतःच करते हो! घरी 28 डिग्रीत 80 भरली आणि वर पहाटे 12 डिग्री असलं तर हवा आकसून साधारण 5 पीएसआय उतरतात. गंमत म्हणजे महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे बाहेरच्या हवेचाच दाब कमी, त्यामुळे गेजवर दोनेक परत मिळतात. म्हणजे 77 च्या आसपास दिसेल. रस्ता कोरडा असेल तर तेवढी भर घाला, दवाने ओला असेल तर तशीच राहू द्या. फक्त सकाळी निघण्याआधी तिथेच मोजा, ठाण्यात मोजलेलं धरून बसू नका. थंडीत रबरही कडक होतं, म्हणून पहिले काही किलोमीटर वळणं जरा दमाने घ्या.

प्रश्न : पावसासाठी खोल नक्षीचे टायर घेऊ का? गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगतो म्हणतात. (वाचक, नाशिक)

उत्तर : कारचा तरंगतो, आपला नाही. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि हवा जास्त, तो पाणी बाजूला सारतो. 70 पीएसआयला तरंगायला ढोबळमानाने ताशी 140 किमी स्पीड लागेल, कसाऱ्याच्या उतारावरही कोणी तेवढं जात नाही. नक्षीवर पैसे घालण्यापेक्षा फ्रेममध्ये जागा असेल तर 28 एमएमचे मऊ रबरवाले टायर घ्या आणि वर पहिल्या उत्तरात सांगितलेल्या आकड्यांपेक्षा दहाएक कमी भरा. रिम हुकलेस (टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेली) असेल तर 72 च्या वर जायचंच नाही, रिमवर लिहिलेलं बघा. आणि घरी आल्यावर ओल्या फडक्याने टायर पुसून रुतलेली काच टोकदार पिनने काढत जा, ओल्या रबरात काच सहज घुसते आणि आज नाही तर पुढच्या राईडला आत पोचते.