ई-वे बिलच्या लॉगिनचा ओटीपी शेठच्या मोबाइलवर जातो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की मस्जिद बंदरला होलसेल दुकानात बिलिंगला आहात, ई-वे बिलच्या (गाडीने माल पाठवताना सोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) पोर्टलला लॉगिन केलं की ओटीपी शेठच्या मोबाइलवर जातो आणि शेठ बाहेर असले की माल भरलेला टेम्पो खाली तसाच उभा. मी नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या दुकानात ११ वर्षं हेच काम करतेय, म्हणून आधी सरळ सांगते, शेठकडे ओटीपी मागत बसू नका, स्वतःच्या नावाने सब-युजर, म्हणजे शेठच्या खात्याखालचं तुमचं वेगळं लॉगिन, काढून घ्या.

आधी युजरनेम पासवर्ड टाकला की काम व्हायचं. मग टू फॅक्टर आलं, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीही टाकायचा, १०० कोटींच्या वर टर्नओव्हर असणाऱ्यांना ऑगस्ट २०२३ मध्ये, २० कोटींच्या वरच्यांना जानेवारी २०२५ मध्ये, मग ५ कोटींवाले, आणि १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच. आमच्याकडे तेव्हा तुमच्यासारखंच झालं. संध्याकाळचे साडेसात, सुरतचा माल बांधून तयार, हमाल गोणीवर बसून माझ्याकडे बघतायत, शेठ विरार लोकलमध्ये, मी फोनवर "आला का ओटीपी" आणि ते "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय", आकडे नीट कळेपर्यंत वेळ संपलेली, की परत पाठवा.

पण खरं सांगू का, ओटीपी हा त्रास आहे, धोका वेगळाच आहे. माझ्या आधीच्या नोकरीत आम्ही चौघं एकाच लॉगिनवर काम करायचो, पासवर्डचा कागद मॉनिटरच्या कोपऱ्याला सेलोटेपने चिकटवलेला, कोणीही येऊन वाचावा. ई-वे बिल काढल्यापासून २४ तासांत कॅन्सल करता येतं, तर एक दिवस रस्त्यावर असलेल्या गाडीचं बिल कोणीतरी कॅन्सल केलं आणि गाडी चेकिंगला अडकली. रेकॉर्डला युजर एकच, मालकांचा. आळ आला सगळ्यात नवीन पोरावर, तो बिचारा "मी नाही केलं" म्हणत राहिला आणि पंधरा दिवसांत नोकरी सोडून गेला. त्याने केलं नव्हतं असं मला आजही वाटतं, पण दाखवणार कशावरून? वेगळे युजर असते तर दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणून म्हणते, हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी करा.

करायचं असं, शेठ दुकानात असताना त्यांच्या लॉगिनने आत जा, युजर मॅनेजमेंटमध्ये क्रिएट सब-युजर आहे, तिथे तुमचा मोबाइल नंबर द्या, कशाकशाची परवानगी द्यायची ते शेठना स्वतःला टिक करू दे. मग तुमच्या लॉगिनचा ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतो, आणि हेच लॉगिन ई-इन्व्हॉइसलाही चालतं. शेठ आढेवेढे घेतील, आमचेही घेत होते, त्यांना म्हणा की तुमचा पासवर्ड आता कोणाकडेच राहणार नाही, हे त्यांना लगेच पटतं.

तुमच्या गाळ्यात रेंज येत नसेल (मस्जिद बंदरला आतल्या गाळ्यांत नाहीच येत) तर एसएमएसच्या भरवशावर राहू नका. एनआयसी-जीएसटी-शील्ड नावाचं ॲप आहे, ते पोर्टलवरूनच डाउनलोड करा, कुठून आलेल्या लिंकवरून नको. एकदा रजिस्टर केलं की त्यात दर ३० सेकंदांनी नवा ओटीपी दिसतो, त्याला नेट लागत नाही, नेटवर्कही लागत नाही. फक्त मोबाइलची वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा, घड्याळ मागेपुढे असलं की आकडे बरोबर टाकूनही चुकीचा ओटीपी म्हणतं, मी यात एक अख्खी दुपार घालवलीय.

आणि कोणी नोकरी सोडली की त्याच संध्याकाळी त्याचा सब-युजर फ्रीझ करायला लावा, तो ऑप्शन त्याच मेनूत आहे. तुम्ही सोडाल तेव्हा तुमचाही, आणि तो फ्रीझ झालेला समोर बसून बघा, मगच निघा.