पगार पुण्याइतका, तरी माणसे पुण्यालाच का जातात?

अंबडमधील आपला कारखाना पुण्याइतकाच पगार देत असूनही चांगले टूलमेकर (साचे आणि हत्यारे घडवणारे कारागीर) आणि डिझाइन अभियंते दोन-तीन वर्षांत नाशिक सोडून पुण्याला जातात, असे आपण लिहिले आहे. भोसरी-चाकण पट्ट्यात टूलरूम सांभाळण्यात आणि माणसे निवडण्यात माझी वीसेक वर्षे गेली, त्यावरून लिहितो.

मुलाखतीला आलेला माणूस पगार विचारतो खरा, पण ही नोकरी गेली तर बिऱ्हाड न हलवता दुसरी मिळेल का, याचा हिशेब तो मनात करत असतो. पुण्यात तो हिशेब जमतो, कारण १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि बजाज ऑटोही आल्या, आणि तेथे हात बसलेल्या कित्येक कारागिरांनी भोसरीत स्वतःच्या शेडी टाकल्या. एकाच गल्लीत वायर-कटचे, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापण्याचे, काम करणारे चार मालक असले की कारागीर निर्धास्त राहतो.

दुसरा हिशेब घरचा. सांगलीचा एक वायर-कट ऑपरेटर दुसऱ्या भेटीला पत्नीला घेऊन आला. त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होत्या आणि सगळे प्रश्न त्यांनीच विचारले. महिन्याभरात त्यांना चिंचवडला काम मिळाले. तो आमच्याकडे अकरा वर्षे टिकला.

पुण्यानेही माणसे गमावली आहेतच. हिंजवडीत कंपन्या येऊन दोन दशके उलटल्यावर तेथील मेट्रोचे काम सुरू झाले. रोजची रखडपट्टी आणि सोसायटीचे टँकरचे बिल यांना कंटाळून माझे दोन उत्तम डिझायनर कोल्हापूरला परतले, तेही कमी पगारावर. पाणी आणि प्रवास या बाबतींत नाशिक आजही सुसह्य आहे, असे माझे मत आहे.

मात्र एक गोष्ट तपासून पाहा. एका औद्योगिक वसाहतीत मालकांनी एकमेकांची माणसे घ्यायची नाहीत, असे आपसांत ठरवले होते. माणसे टिकावीत हा त्यांचा हेतू होता, पण शेजारचे दार बंद असल्याचे कळताच कारागीर थेट पुण्याची बस धरू लागले. आपल्याकडेही असा अलिखित करार असेल, तर पगारवाढीच्या आधी तो मोडा, आणि पुढच्या मुलाखतीला उमेदवाराच्या जोडीदारालाही चहाला बोलवा.