नव्या टॉवरला विटांचा आणि खिडक्यांचा रंग कोणता घ्यावा?

तुमच्या रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरने लाल किंवा राखाडी वीट-टाइल आणि काळ्या किंवा पांढऱ्या खिडक्या असे पर्याय दिलेत, म्हणून तुम्ही विचारताय. आधी एकच सांगतो, एसी ऑफिसातल्या स्क्रीनवर चित्र बघून सही करू नका. आम्ही केली होती.

कोथरूडला आमची जुनी तीन मजली इमारत पाडून टॉवर झाला. माझे वडील, अण्णा, चाळीस वर्षं गवंडीकाम केलेले. मीटिंगमध्ये वीट-टाइलचा नमुना फिरत फिरत त्यांच्या हातात आला. त्यांनी नखाने ओरखडा काढला, बोट ओलं करून टेकवलं आणि म्हणाले, "लई पाणी पितीय ही." सेक्रेटरी हसून म्हणाले, "आजोबा, तुमचा काळ वेगळा होता." आर्किटेक्टने अहमदाबादच्या आयआयएमचा फोटो लावला, सगळे हरखले. त्याच कॅम्पसमध्ये विटांची झीज आणि गळती होतेय म्हणून डिसेंबर 2020 मध्ये मूळ आर्किटेक्ट लुई कानची 14 वसतिगृहं पाडायचं जाहीर झालं होतं. गदारोळ झाला आणि ते मागे घ्यावं लागलं, पण आमच्या मीटिंगमध्ये हे कुणी काढलं नाही.

अण्णांनी एक टाइल घरी आणली, रात्रभर बादलीत बुडवली आणि गच्चीवर वाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी कडेला पिठासारखी पांढरी रेघ. लोणा. वीट, सिमेंट किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ती टाइल मी कमिटीला नेऊन दाखवली. उत्तर मिळालं, "वरून क्लीअर कोट, पारदर्शक लेप, मारणार आहेत."

पहिल्या पावसाळ्यानंतर नवव्या मजल्यापासून खाली पांढरे ओघळ. कोरड्या ब्रशने झाडायचं सोडून कमिटीने ॲसिडने धुऊन घेतलं. विटांमधल्या दर्जा (सिमेंटचे सांधे) खाल्ल्या गेल्या, पुढच्या पावसात पाणी आत.

दर्जांवरून आठवलं, रंगाचा अर्धा खेळ तिथेच आहे. 230 बाय 75 मिमीच्या विटेला 10 मिमीची दर्ज धरली तर भिंतीचा सुमारे 15 टक्के भाग दर्जच दिसतो. तीच लाल वीट पांढऱ्या दर्जेत फिकट वाटते, काळपट दर्जेत गडद. त्यामुळे निदान मीटरभराची खरी भिंत साइटवर उभी करायला सांगा. ती कोरडी बघा, ओली बघा, सकाळी बघा, संध्याकाळी बघा. मग लाल की राखाडी ते तुम्हालाच कळेल.

खिडक्या? काळ्या नकोत. पुण्याची धूळ काळ्यावर पहिली दिसते, आणि पश्चिमेच्या बाजूला दुपारी ॲल्युमिनियमची पट्टी हाताला चटका देते. पांढऱ्यावर पावसाचे काळे ओघळ दिसतात. लाल विटेला कॉफी ब्राऊन घ्या, मी तेव्हाही हेच म्हणत होतो, 11 विरुद्ध 23 मतांनी पडलो. अर्थात, उत्तरेकडे काळ्याही चालतील, आणि खोली तापते ती मुख्यतः काचेमुळे, हे मान्य. रस्त्यावरून बघितलं तर आमची बिल्डिंग झकास दिसते, हेही खरं.

सेक्रेटरींचा फ्लॅट पश्चिमेलाच आहे. मार्च लागला की दुपारभर त्यांचे पडदे ओढलेले असतात.