एका ताटात इथिओपिया

प्रश्न : मुलं ९ आणि १२ वर्षांची आहेत. महिन्यातून एकदा घरीच एखाद्या देशाचं जेवण करायचं ठरवलंय. पण नुसती नवी चव चाखण्यापलीकडे त्यातून काही कळेल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, नक्की कळेल. माझ्या घरी सुरुवात इथिओपियापासून झाली, तुम्हीही तिथूनच करा. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून त्याची इंजेरा, म्हणजे धिरड्यासारखी मोठी पोळी करतात. मऊ, आंबूस, वरून जाळीदार. ती मोठ्या ताटात पसरायची, त्यावरच कालवणं वाढायची आणि सगळ्यांनी त्याच ताटात उजव्या हाताने जेवायचं. वेगळ्या ताटल्या काढूच नका, सगळी गंमत तिथेच आहे.

कालवण शिरोचं करा, म्हणजे मसालेदार हरभऱ्याच्या पिठाचं. कांदा आधी तेलाशिवाय मंद आचेवर परतायचा, चिकटला की चमचाभर पाणी. घाई केलीत तर चव येत नाही. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी-शुक्रवारी मांस, दूध, अंडी खात नाहीत, तेव्हा शिरो हमखास असतो. मुलांना हे जेवतानाच सांगा.

आणि गुर्शा विसरू नका. घास गुंडाळून दुसऱ्याच्या तोंडात द्यायचा, प्रेमाने, मानाने. त्या दिवशी सकाळपासून अबोला धरलेल्या माझ्या धाकट्याने पहिला घास थोरलीला भरवला. मी जेवणानंतरच्या कॉफीसाठी भाजलेल्या बिया तशाच हातात धरून बघत राहिले.