गॅरी स्नायडर हा अमेरिकन कवी वाचायच्या आधी चिनी कविता वाचाव्या लागतात का? आणि त्याचं ते डोंगरातलं मजुरीचं काम खरं की नुसती इमेज?

चिनी कविता आधी वाचायची काही गरज नाही. पण "नुसती इमेज" वाचलं आणि राहवलं नाही, कारण पुण्यातल्या एका वाचनगटात एका सरांनी अगदी हेच म्हटलं होतं, मजुरी हे मागाहून चिकटवलेलं लेबल आहे म्हणे, आणि मला धड बोलूही दिलं नव्हतं.

मी कॅलिफोर्नियात, बे एरियात होते तेव्हा उन्हाळ्यात सिएरा नेवाडात ट्रेल दुरुस्तीला व्हॉलंटियर म्हणून जायचे. दगडी पायऱ्या बसवायचं काम. ग्रॅनाइटचा मोठा दगड कोणी उचलत नाही, पहारीने एकेक कोपरा सरकवत खड्ड्यापर्यंत न्यायचा, आत सोडायचा, वर उभं राहून वजन टाकून बघायचं, डुगडुगला की बाहेर काढायचा, खालची माती खरवडायची, परत सोडायचा. फटीत चिपा ठोकून डुगडुग लपवलेली दिसली की आमची क्रू लीडर सगळं उपसायला लावायची, कारण बर्फाचं पाणी सुटलं की आधी चिपाच निघतात. दिवसभर बोलणं म्हणजे "थांब", "इकडे घे", "बोटं काढ". संध्याकाळी तंबूत 'रिपरॅप' हे स्नायडरच्या कवितांचं पुस्तक उघडलं तर ओळी तशाच, सुटे जड शब्द, मध्ये भरती नाही.

हा माणूस १९५५ च्या उन्हाळ्यात सिएरातल्याच योसेमिटीत ट्रेल क्रूवर पगारी कामाला होता, त्याआधी १९५२ आणि ५३ ला नॉर्थ कॅस्केड्सच्या शिखरांवर वणव्यांची टेहळणी करायचा. आणि त्याच ५५ च्या शेवटी बर्कलेत चेन शि-श्यांग या प्राध्यापकांकडे हानशान या जुन्या चिनी कवीच्या कविता शिकत होता. चिनी पाच अक्षरांची ओळ दोन-तीन अशी तुटते, कर्ता बऱ्याचदा गाळलेला असतो. स्नायडरने स्वतःच लिहून ठेवलंय की 'रिपरॅप'मधल्या कवितांची लय ग्रॅनाइट बसवण्याच्या रोजच्या कामातून आली आणि चिनी कवितांच्या पाच-सात अक्षरांच्या ओळींतून. आता यात इमेज कुठे आली? सर, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हालाही हाच प्रश्न आहे.

सुरुवात 'रिपरॅप अँड कोल्ड माउंटन पोएम्स'पासूनच करा, त्याच्या स्वतःच्या कविता आणि त्याने केलेलं हानशानचं भाषांतर ('कोल्ड माउंटन' ते हेच) दोन्ही या एकाच छोट्या पुस्तकात आहेत, आणि मोठ्याने वाचा. हां, एक सांगायचं राहिलं, त्याचा हानशान बराचसा सिएराचा झालाय, हानशानच्या चीनमधल्या थ्येनथाय डोंगरावर कॅलिफोर्नियाचे दगड येऊन पडलेत, मला ते आवडतं पण मूळाच्या जवळचं हवं असेल तर बर्टन वॉटसनचं १९६२ चं भाषांतर शेजारी ठेवा. आणि 'माउंटन्स अँड रिव्हर्स विदाउट एंड' ही त्याची दीर्घ कविता लगेच घेऊ नका, १९५६ ला सुरू करून १९९६ ला पुरं केलेलं काम आहे ते, तिथे मात्र लांबलचक चिनी निसर्गचित्रं कशी उलगडत बघतात हे माहीत असलं तर फार फरक पडतो.