बक्षीस कबूल केल्याशिवाय पुस्तक उघडत नाही

चतुर्थीची सुटी संपली की माझ्याकडे ठरलेली तक्रार येते, "काहीतरी कबूल केल्याशिवाय पोरगा अभ्यासालाच बसत नाही."

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला नववीतला एक मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वडिलांनी दरच लावून दिले होते. ऐंशीच्या वर पाचशे, नव्वदीला हजार, वर्गात पहिला आल्यास मोबाईल. सुरुवातीला जमलं, मग पोराने भाव वाढवला. "आता म्हणतो, गणिताला हजार परवडत नाहीत!" वडील वैतागले होते. मला हसू आवरावं लागलं. मुलगा हिशेबात कच्चा नव्हता.

अभ्यासाचं नाव काढलं की तो गप्प. एकदा मी नुसतं विचारलं, चतुर्थी कशी झाली? माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं-फुलं बांधून सजवतात त्या लाकडी चौकटीचा, विषय निघाला आणि स्वारी खुर्चीत पुढे सरकली. आजोबरोबर रानात हिंडून त्यानेच सगळं जमवलं होतं. कवंडळाचा वेल कसा ओळखायचा, सुपारीचं शिपटं (घड) कुठे बांधलं की माटोळी एका बाजूला कलत नाही, सगळं हातवारे करून सांगू लागला.

"किती मिळाले याचे?"

"कशाचे?"

"एवढा रानात हिंडलास, काटे लागले असतील."

"त्याचे कोण पैसे देतं, मॅडम?"

"मग केलंस कशाला?"

बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "आजो मला विचारतो, हे कुठे बांधूया. चुकलं तर सोडून परत बांधायला लावतो. पप्पा फक्त किती पडले ते विचारतात."

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर जे मांडलं, ते या पोराने तीन वाक्यांत सांगितलं. माणसाला आतून करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात : आपलं काही चालतं, आपल्याला जमतंय आणि आपलं कुणीतरी सोबत आहे, असं वाटणं. अभ्यासात त्याला यातलं काहीच मिळत नव्हतं.

वडिलांना मी 1973 चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग सांगितला. बालवाडीतली, चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढा, प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे बक्षीस वाईट नव्हे. आधी लावलेली बोली नडते, तीही मुळात गोडी असते तिथे जास्त. पाढे पाठ करण्यासारख्या कंटाळवाण्या कामाला थोडं आमिष दाखवल्याने फारसं बिघडत नाही.

मग आम्ही दरपत्रक बंद केलं. आज कुठला विषय आधी, हे मुलगा ठरवणार. वडिलांनी गुण न विचारता "कुठे अडलं?" एवढंच विचारायचं, आणि ऐकताना मोबाईल खाली ठेवायचा. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. पहिले काही आठवडे पोराने पुस्तकाला हात लावला नाही आणि वडिलांचे मला रोज फोन. बक्षिसाची सवय मोडताना असं होतंच, तेव्हा पालकांनी तग धरावा लागतो.

सहामाहीत गणिताचे गुण थोडेच वाढले. पण परवा वडिलांनी नवीच तक्रार आणली : भूमितीचं प्रमेय सुटेना म्हणून रात्री अकरापर्यंत जागतो, दटावू का? मी म्हटलं, झोपायची वेळ तुम्ही ठरवा, प्रमेय त्याच्याकडे राहू दे.